माझ्या सुतकात देव झाकू नयेत

मी, सौ. सरिता कुमार नेवासकर, वय सत्तावन्न, मूळची पुण्याची, गेली पंचवीस वर्षे राहणार इंगोलश्टाट, जर्मनी, हे माझे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे शरीर आता फारसे कामाचे राहिलेले नाही, हे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि मलाही कळते. डोके मात्र जागेवर आहे. शंका असल्यास माझ्या यजमानांना विचारावे. ते म्हणतील, जरा जास्तच जागेवर आहे.

इथल्या कायद्याप्रमाणे असे मृत्युपत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वतःच्या हाताने लिहावे लागते. टाइप केलेले चालत नाही, साक्षीदार मात्र लागत नाहीत. पण साक्षीदारांवाचून मृत्युपत्र ही गोष्ट माझ्या मनाला पटत नाही, म्हणून मी दोघींना बोलावून घेतले आहे. पुढे कोर्ट याचे जर्मन भाषांतर करून घेईल. त्या भाषांतरकारांना विनंती, की मध्ये मध्ये मी जे घरगुती बोलले आहे ते अनावश्यक म्हणून गाळू नये. त्यासाठीच हा खटाटोप आहे.

मला वारस दोन. पती श्री. कुमार आणि एकुलता एक मुलगा चि. वेदांग, वय पंचवीस, नोकरीनिमित्त राहणार फ्रँकफर्ट. हे बापलेक गेली सहा वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. कोर्टाला हे ठाऊक असलेले बरे, कारण पुढली कलमे त्यामुळेच अशी वाकडीतिकडी झाली आहेत.

पहिले, घर. आमचे रांगेतले घर, ज्याला इथे राइहेनहाउस म्हणतात, कुमार आणि मी दोघांच्या नावावर आहे. त्यातील माझा अर्धा हिस्सा मी वेदांगला देते. कुमारांना हयातभर त्या घरात राहण्याचा पूर्ण हक्क राहील. म्हणजे माझ्या पश्चात बाप आणि मुलगा एकाच घराचे मालक होतील. छप्पर गळले, हीटिंग बिघडले, शेजाऱ्याच्या कुंपणाची तक्रार आली, की एकाला दुसऱ्याला फोन करावाच लागेल. नोटार साहेबांनी मला दोनदा समजावले, की असली मालकी म्हणजे भांडणाला आमंत्रण. मी म्हटले, "गेनाऊ, अगदी बरोबर. भांडण चालेल. भांडायला निदान तोंड उघडावं लागतं."

दुसरे, बँकेतील माझी बचत. माझे क्रियाकर्म होऊन जे उरेल ते वेदांगचे. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

तिसरे, स्वयंपाकघरातील वस्तू. माझी विळी मैत्रीण स्वरूपा हिला द्यावी. पंचवीस वर्षांपूर्वी ही विळी बॅगेत घालून मी फ्रँकफर्टला उतरले, तेव्हा कस्टमवाल्याने ती दोन बोटांनी उचलली आणि हे कोणते शस्त्र म्हणून विचारले. मला तेव्हा जर्मन येत नव्हते. मी तिथेच फरशीवर बसून, विळीवर पाय ठेवून, नसलेला नारळ खोवून दाखवला. तो इतका हसला की त्याने बॅग तशीच सोडून दिली. स्वरूपाला विळी देणार म्हटल्यावर ती म्हणाली, "अगं, माझे गुडघे बघितलेस का? मी आल्झो, म्हणजे, फूड प्रोसेसरवाली बाई आहे." तरी तिने ती घ्यावी. भिंतीला टांगून ठेवली तरी चालेल, धूळ मात्र पुसावी.

लोखंडी तवा, पोळपाट आणि लाटणे वेदांगला. त्याला पोळ्या येतात. गोल येत नाहीत, पण फुगतात. माझ्या आईची चिनी मातीची बरणी कुमारांनी ठेवावी. तिच्यात यंदाचे लिंबाचे लोणचे आहे. ओला चमचा घालू नये.

इथे थोडे विषयांतर करते. मला या देशात फार मोठे काही मिळवता आले नाही. पुण्यात मी कॉम्प्युटरची नोकरी करत होते, इथे आल्यावर ती जमली नाही. एका शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना जेवण वाढण्यात माझी बरीच वर्षे गेली. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची. मग कधीतरी वाटेनाशी झाली. सकाळी उठून दिवा लावायचा, चहा टाकायचा, खिडकीतल्या तुळशीला पाणी घालायचे. ती तुळस दर थंडीत काडी होऊन जाते, मी त्या काडीलाच पाणी घालते. रविवारी कुमार बेकरीतून ब्रेत्सन आणतात, आम्ही ते लसणीच्या चटणीशी खातो आणि उगाच एकमेकांच्या चुका काढत बसतो. यापेक्षा जास्त सुख मला कधी लागले नाही. मरणाची मला भीती नाही असे लोक लिहितात. मला भीती फारशी नाही, पण दुःख पुष्कळ आहे. मला हे स्वयंपाकघर सोडवत नाही.

चौथे, देव. हे कलम लांबणार आहे.

आमच्या घराण्यातले देव, म्हणजे पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि कुलदेवीचा चांदीचा टाक, सासूबाईंनी आम्ही इकडे येताना स्वतःच्या हाताने कुमारांच्या ओंजळीत ठेवले होते. सहा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सासूबाई गेल्या. आमच्याकडे सुतकात देवांना शिवत नाहीत, ते डब्यात घालून बाजूला ठेवून देतात आणि सुतक फिटल्यावर पुन्हा मांडतात. विमान गाठायचे होते, मी वर बॅगा भरत होते. कुमारांनी घाईघाईत देव लेबकूखनच्या, म्हणजे नाताळच्या बिस्किटांच्या, जुन्या पत्र्याच्या डब्यात घातले आणि डबा खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, नेऊन ठेवला. तिथे तसले आणखी बरेच डबे होते, सगळ्यांत खिळे आणि स्क्रू. वेदांगची शाळेची शेवटची परीक्षा तोंडावर होती म्हणून तो मागे राहिला. निघताना कुमार दारातून ओरडले, "वेदांग, अभ्यासातून वेळ मिळाला तर केलरमधलं भंगार वेर्टश्टोफहोफला टाकून ये, हां. महिनाभर सांगतोय!"

आजीला शेवटचे पाहता आले नाही म्हणून पोरगा घरी एकटा रडत बसला होता. बाबांसाठी काहीतरी करावे, म्हणून त्याने ते काम केले. जुने कुकर, गंजके पाइप, खिळ्यांचे सगळे डबे त्याने शहराच्या भंगाराच्या आवारात नेले आणि लोखंडाच्या कंटेनरमध्ये टाकले. डबा हलवला तर देवही खिळ्यांसारखेच वाजतात.

तेरावे करून आम्ही परतलो. कुमार आंघोळ करून देव आणायला खाली गेले. वर आले ते रिकाम्या हाताने. आम्ही तिघे गाडीने त्या आवारात गेलो, पण कंटेनर भरून केव्हाच रवाना झाला होता. तिथल्या माणसाने खांदे उडवले. घरी आल्यावर कुमार वेदांगला म्हणाले, "आजीला बघायला आला नाहीस, आणि तिचे देव भंगारात टाकलेस. तू या घरातला नाहीसच." वेदांगला मराठी सगळे कळते, उत्तर मात्र जर्मनमध्येच येते. "इश वोल्टं डोख नुअर हेल्फन," एवढेच तो म्हणाला. मला फक्त मदत करायची होती. परीक्षा झाल्यावर तो घर सोडून गेला.

कुमार, तुम्ही हे वाचाल तेव्हा मी समोर नसेन, म्हणून स्पष्ट लिहिते. डबा तुम्ही ठेवलात आणि भंगार टाकायला तुम्हीच सांगितलेत. तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. अहो, पोरावरचा तुमचा राग हा तुमच्या स्वतःवरचा राग आहे. तुम्ही आईचे देव सांभाळू शकला नाहीत, हे तुम्हाला बोलून दाखवता आले नाही. मी वाट पाहिली, आज ना उद्या बोलाल म्हणून. माझा आजही संपत आला.

माझे मोठे दीर श्री. वासुदेव यांनी त्या वेळी पुण्याहून फोन करून आगीत तेल ओतले होते. "घराण्याचे देव भंगारात गेले, आता तुमच्या घरात उरलं काय?" असे ते म्हणाले. भाऊजींना मी काही ठेवत नाही, फक्त उत्तर ठेवते. काय उरले ते ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या डब्यातली एक सुपारी घेतली, तांदळाच्या मुठीवर ठेवली, हळदकुंकू वाहिले आणि नमस्कार केला. सुपारीत गणपती मानायला आपल्याला कोणी नव्याने शिकवायला लागत नाही. मग डोनाउ नदीच्या काठचा एक गुळगुळीत दगड आणला, तो महादेव झाला. वेदांगने बालवाडीत मीठ घातलेल्या कणकेचा केलेला, सोंड तुटलेला गणपतीही मी तिथे बसवला. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, मला माहीत आहे. मी ठेवली. भाऊजी, सहा वर्षांत एकही दिवस या देव्हाऱ्यात दिवा लागला नाही असे झाले नाही.

कुमार त्या देव्हाऱ्यासमोर हात जोडत नाहीत. पण संध्याकाळी बातम्या बघताना वाती मात्र तेच वळतात, आणि संपत आल्या की न सांगता आणखी वळून ठेवतात. वेदांगला मी देव्हाऱ्याबद्दल विचारले तर तो म्हणाला, "आई, इश ग्लाउब दा निश्त ड्रान," त्याचा त्यावर विश्वास नाही. मी म्हटले, "अरे, विश्वास ठेव असं कोण म्हणतंय? दिवा लाव म्हणतेय. हीटिंग लावतोस तेव्हा काय विश्वास ठेवतोस?" तो हसला. तेव्हा हा देव्हारा, त्यातील देव आणि समई मी दोघांना मिळून देते. त्याची वाटणी करू नये. तो घरातून हलवू नये.

पाचवे, सुतक. माझ्या सुतकात देव झाकू नयेत, डब्यात घालू नयेत, जागचे हलवू नयेत. तुम्हा दोघांना शिवायचे नसेल तर शिवू नका. ते दहा दिवस शेजारच्या फ्राउ आइखिंगर दिवा लावतील. त्या आमच्या गोत्राबाहेरच्या, तेव्हा शास्त्रालाही हरकत नसावी. त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात येशूचा क्रूस आहे, त्याला त्या रोज ताजे फूल वाहतात. जाता येता तेच डेलिया माझ्याही देवांना देतात. त्यांना वात कशी घालायची ते मी शिकवले. त्यांनी विचारले, "आणि लावताना म्हणायचं काय?" मी म्हटले, तुमचे जे असेल ते. "दान बेट इश आइन फाटरउन्झर," त्या म्हणाल्या, म्हणजे मग मी आमची प्रार्थना म्हणेन. मी म्हटले, चालेल. पहिल्याच दिवशी त्यांनी समईत इतके तेल ओतले की दिवा दुपारपर्यंत तेवत होता.

सहावे आणि शेवटचे, माझी उत्तरक्रिया. मला इथेच अग्नी द्यावा. रक्षा घरी ठेवू देत नाहीत, तेव्हा दफनभूमीत झाडाखाली पुरावी. पुण्याला नेण्याची धडपड करू नये. मी हॉस्पिटलात असते तेव्हा तुम्ही दोघे पाळ्या लावून येता. एक आला की दुसरा कॉफी प्यायला जातो. नर्सबाईंनी मला विचारले, की तुमचे यजमान आणि मुलगा एकमेकांना ओळखतात ना? मी पाणी मागितले. अंत्यविधीला तरी पाळ्या लावू नयेत.

दहाव्याचा पिंड ठेवावा, असे स्वरूपा म्हणते. ठेवा. पण एक गोष्ट ध्यानात असू द्या. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असे समजतात. मग सगळे हात जोडून कबूल होतात, मुलीचे लग्न करू, भावाला सांभाळू, आणि कावळा येतो. इथल्या शेतांवरचे कावळे तसले नाहीत. ते धीट आहेत, धष्टपुष्ट आहेत, भात दिसला की झडप घालतील. त्यांना कोणाच्या इच्छेची पडलेली नाही. तेव्हा कावळा लगेच शिवला, आई सुखाने गेली, असे म्हणून दोघांनी दोन दिशांना जाऊ नये. मी सुखाने गेलेली नाही. माझी इच्छा राहिली आहे. कावळ्याकडून कळण्यासारखी ती नाही, म्हणून शुद्धीवर असताना इथे लिहून ठेवते. त्या दिवशी दोघांनी स्वयंपाकघरात एका टेबलाशी बसावे. कुमारांनी आपल्या हाताने वेदांगला वाढावे, आणि त्याचे पान रिकामे झाले की "आणखी घे" म्हणावे. वेदांगने घ्यावे. तोवर मी गेले असे धरू नये.

हे मृत्युपत्र मी दोन बैठकांत लिहिले. मधे दमून झोपले होते, म्हणून अक्षर बदललेले दिसेल. हात माझाच आहे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करण्याइतका वेळ नाही.

सही: सरिता कुमार नेवासकर

आम्ही दोघींनी सरिताला हे लिहिताना आणि सही करताना पाहिले. ती पूर्ण शुद्धीत होती.

साक्षीदार १: स्वरूपा गौरांग मोघे, गार्चिंग
साक्षीदार २: क्रिस्टा आइखिंगर, शेजारीण (मजकूर स्वरूपाने जर्मनमध्ये वाचून दाखवला)

स्थळ: स्वयंपाकघर, राहते घर, इंगोलश्टाट
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५