‘जाते’ न म्हणणाऱ्या बाईचा व्हिसा

पनवेल,
महाशिवरात्रीचा आदला दिवस

चि. सुनंदास तुझ्या वहिनीकडून मायेची पापी, आणि लार्सरावांना नमस्कार (मी राव लावते ते मानाने, त्यांना ते स्वतःचं नवं आडनाव वाटतं, असं तू सांगितल्यापासून जास्तच लावते). तुमच्याकडे बर्फ किती, तुझा खोकला कसा, कानटोपी घालतेस ना, हे सगळे प्रश्न माझे नाहीत. ज्यांचे आहेत त्या पलीकडे मेथी निवडत बसल्या आहेत.

माझं लग्न होऊन मी कोन गावच्या घरी आले, त्या दिवशी दोन वेण्या घातलेली तू माझ्या कानाशी येऊन म्हणाली होतीस, “वहिनी, आमची आय कोनाला जाऊ देत नाय, आन् गेलेल्याला इचारत नाय.” मी हसले होते. नव्या सुनेला कुठे हसायचं ते कळत नाही. पुढे बावीस वर्षांत त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग रोज खरा होत गेला, आणि तू लग्न करून तिकडे गेलीस तेव्हापासून दुसराही. नऊ वर्षं आई तुझ्याशी फोनवर बोलल्या नाहीत. फोन मी करायचा, त्या शेजारी बसून मला वाक्यं पुरवणार: जेवली का विचार, बारीक दिसते म्हन, नवरा भात खातो का विचार. म्हणून तर हे पत्र. फोनवर बोलायचं तर माझ्या तोंडात त्यांची वाक्यं येतात. मला एकदा माझी लिहायची आहेत.

तर झालं असं. दिवाळीनंतर एक दिवस आई जवळा साफ करत होत्या आणि मान वर न करता म्हणाल्या, “पासपोर्ट काढाया काय काय लागतं गो?” मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. (डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं की त्यांच्या डाव्या डोळ्याने आता दिसत नाही आणि उजव्याचं खात्रीने सांगता येत नाही. हे सुनंदाला सांगायचं नाही, असं मला देवासमोर बजावलं आहे, म्हणून कंसात सांगते.) मी म्हटलं, कशाला हवा पासपोर्ट? त्या म्हणाल्या, “मना पोर बगाची हाय.” आणि पुन्हा जवळ्यातला कचरा वेचू लागल्या. नऊ वर्षांचा अबोला असा जवळ्याच्या सुपात संपला. तुला फोनवर मी “आम्ही दोघी फिरायला येऊ म्हणतोय” असं मोघम सांगितलं, आणि तिसऱ्यांदा आठवण केल्यावर का होईना, तू निमंत्रणाचं पत्र पाठवलंस, त्याबद्दल तुझे आभार. त्यात “माझी आई” असं लिहिलं होतंस. प्रणितने ते मराठीत वाचून दाखवलं तेव्हा आईंनी तेवढे शब्द त्याला दोनदा वाचायला लावले.

प्रणित म्हणजे आपल्या गल्लीच्या तोंडाशी ट्रॅव्हलचं दुकान टाकलेला मुलगा. त्याने आजवर अनेकांना दुबई दाखवली, पण आईंनी त्याला जे दाखवलं ते कुणी दाखवलं नसेल. प्रवासी व्हिसाला कुठे कुठे फिरणार ते सांगावं लागतं. आई म्हणाल्या, कुठं नाय, पोरीच्या घरात बसनार. तो म्हणाला, आजी, टूरिस्ट आहात तर काहीतरी बघायला लागेल. त्याने दोन डोंगरांच्या मधल्या समुद्रात होडीची सफर सुचवली. आई म्हणाल्या, “होडीत बसाया यवढं लांब? मोऱ्याच्या बंदराला काय होड्या कमी पडल्या?” मग विम्याचा माणूस फोनवर आला. त्याने विचारलं, आधीपासूनचं काही दुखणं? आई म्हणाल्या, “हाय ना. सून हाय.” तो बिचारा ते लिहून घेत होता. परत येणार याचा पुरावा काय, यावर त्यांचं उत्तर ऐकून प्रणितने पेनच खाली ठेवलं: “मी आजवर कुटं गेलेच नाय, त्योच पुरावा.”

फोटोची गंमत तर वेगळीच. कुंदनच्या स्टुडिओत त्याने सांगितलं, आजी, पदर मागे घ्या, दोन्ही कान दिसले पाहिजेत, आणि हसायचं नाही. आता तुला माहीत आहे, तुझ्या लग्नाआधीच्या, माझ्या लग्नातल्या, कुणाच्याही लग्नातल्या फोटोत आई हसलेल्या नाहीत. पण हसायचं नाही म्हटल्यावर त्यांना जे हसू फुटलं ते काही थांबेना. परक्या सायबाला माजे कान कशाला बगायचं, म्हणत त्या पदरात तोंड लपवून हसत बसल्या. कुंदनने शेवटी त्यांना कुणाची तरी मयत आठवायला सांगितली, तेव्हा कुठे फोटो निघाला. (हसतानाचाही एक त्याने काढला आहे. तो मी माझ्याकडे ठेवलाय, मागू नकोस.)

पण आपला घात झाला तो एका शब्दाने. बाहेर निघताना आपण “जाते” म्हणत नाही, “येते” म्हणतो, हे सगळीकडचंच आहे. पण आईंनी ही रीत कुठवर ताणली आहे ते तू एवढ्या वर्षांत विसरली असशील. लाइट गेली तर त्या “लाइट गेली” म्हणत नाहीत, “लाइट येनार हाय” म्हणतात. आम्ही अंधारात बसून ऐकतो. रिक्षावाल्याला त्या “स्टेशनला येनार का?” असं फोन करून विचारतात, आणि तो हो म्हणून स्टेशनवर जाऊन यांची वाट बघत उभा राहतो. तुझ्या दादाच्या कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून ट्रेलर निघाला का, असं गिऱ्हाइकाने घरी फोन करून विचारलं, तर “येतोय” सांगतात. त्यामुळे पुण्याच्या गिऱ्हाइकाला वाटतं माल पोचतोय, आणि पनवेलच्या गिऱ्हाइकाला वाटतं परत येतोय.

कागदपत्रं दिली, बोटांचे ठसे दिले (आईंचे उमटेनात, इतकी वर्षं भाकरी थापल्यावर हातावर रेघा कुठून राहणार), आणि दहाबारा दिवसांनी व्हिसाच्या कचेरीतून चौकशीचा फोन आला. मी मसाल्याच्या मिरच्या भाजत होते. हात लाल, घरभर तिखट धूर, तवा सोडून येता येईना. आईंनी फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि “मी भीमाबाई” म्हणाल्या. पलीकडून चांगलं मराठी बोलणाऱ्या मुलीने आधी माझीच चौकशी केली. चांगलं म्हणजे पुस्तकातलं.

“किशोरी मॅडम प्रवासाला जाणार आहेत ना?”

“नाय गो बाय! जानार कशाला? ती कुटं जानार नाय.”

“म्हणजे त्या जाणार नाहीत?”

“नाय म्हनले ना. सकालच्या पारी असं बोलू नये.”

“आणि तुम्ही, भीमाबाई?”

“मी येनार.”

“परत येणार?”

“येनार म्हंजे? येनारच! माजं घर हाय हितं!”

मी तवा टाकून धावले आणि फोन हिसकावून घेतला. पण मिरचीचा असा ठसका लागला होता की तोंडातून शब्द निघेना. ती मुलगी काहीतरी विचारत होती आणि मी खोकत होते. शेवटी तिने थँक यू म्हणून फोन ठेवला. परवा दोन पाकिटं आली. आईंच्या पासपोर्टवर व्हिसाचा सुंदर रंगीत कागद चिकटवलेला आहे. माझ्या पासपोर्टबरोबर नकाराचं पत्र आहे: प्रवासाचा आणि परत येण्याचा हेतू खात्रीलायक वाटला नाही. आईंनी ते प्रणितकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, “बगलंस? त्यांना पन कललं, घरात कोन लागतं ते.” दुपारी बघते तर तुझ्यासाठी बांधलेले सुके बोंबील आणि मसाल्याची बरणी पिशवीतून काढून पुन्हा फडताळात लावत होत्या. म्हणाल्या, एकलीला कसं जमंल, मना त्या पाट्या वाचता येत नाय. इंग्रजी पाट्या म्हणायचं होतं त्यांना. मी मान हलवली. तुझ्या दादाला मार्चअखेरीपर्यंत ऑफिसातून मान वर काढता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा पासपोर्टही नाही. तो म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी कोण काय बघेल, हे मी त्याला विचारलं नाही.

बाकी इकडे सगळं ठीक. तू खोकल्याला काढा घे. लार्सरावांना भात वाढत जा.

तुझी,
किशोरीवहिनी

ता. क. सगळा दोष आईंवर टाकला, ते वाचून पाहिल्यावर बरं वाटेना. खरी गोष्ट अशी की मी फोन घेतला तेव्हा ठसका जवळजवळ थांबला होता. त्या मुलीने विचारलं, “मॅडम, तुम्ही परत कशासाठी याल?” आणि मी खरंच विचारात पडले. लग्न झाल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. नवरा, मसाला, दळण, आई... पण आई तर माझ्याच सोबत असणार होत्या. मग कशासाठी, हे इतकं मन लावून शोधत राहिले की बोलायचं राहून गेलं, आणि मग लाज वाटून मी मुद्दाम थोडी खोकले. उत्तर संध्याकाळी गच्चीवर मिरच्या आवरताना सापडलं. मला माझं घर आवडतं, एवढंच होतं ते. पण तोवर कचेरी बंद झाली होती.

ता. क. २. मुख्य गोष्ट राहिलीच. आईंचा व्हिसा मेअखेरपर्यंत आहे. तू ये आणि त्यांना घेऊन जा. परत आणायचं मी बघीन, कुणाला तरी सोबत शोधीन, प्रणितला गळ घालीन. तू म्हणशील रजा नाही. म्हणशील, वहिनी, नऊ वर्षांत आईने एकदाही फोन हातात घेतला नाही, आता मी का यावं? दोन्ही खरं आहे, मी वाद घालणार नाही. तू नाहीच म्हणशील, असं मी धरून चालले आहे. फक्त नाही म्हणायचं तर लवकर म्हण, सुनंदा, म्हणजे मला पुन्हा विचारायला वेळ मिळेल.