हवापालट

जावईबापू,

थंडीत मुलं हिरमुसतात म्हणून तुम्ही लेकीला उन्हासारख्या खास उजेडाचा दिवा पाठवलात. केवढी ही माया! घर सोडताना मात्र तिला सांगितलंत, "बाबा हवापालटाला चाललेत."

काल मी सहज म्हटलं, "हवा पालटली गं, स्वेटर घाल." तर पोरीने आईच्या चपला पांघरुणात लपवल्या. "आता आईपण जाणार ना, आजी?"

मांडीवर घेऊन सांगितलं, बाबा दुसऱ्या घरी राहायला गेलेत, त्यात हवेचा दोष नाही. आई कुठे जात नाही. पोरगी रडली, मग स्वतःच चपला दाराशी ठेवून आली. एवढं तुमच्या तोंडून फुटलं नाही!

हे पत्र टाकणार नाही. पाकिटावर तुमच्या नावाआधी 'श्री.' लिहायला हात धजत नाही, आणि ते गाळायचं वळण कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी आम्हाला लावलं नाही.

तुमच्या लेकीची आजी