अक्कम्माच्या हळदीची कॅसेट

सोलापूर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. ऋतूस, दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या सोनमच्या लग्नाची पत्रिका मिळाली. पाकिटावर फक्त तुझ्या वहिनीचं नाव होतं, ते वाचलं. चार वर्षं तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय.

आधी कामाचं. स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर घरी आणून मी त्याचा सर्व्हर केलाय. लोकांच्या लग्नांचं शूटिंग करून माझ्याकडे उरलेल्या दोनशे अकरा कॅसेटी एकेक चालवून त्यात भरल्या. तू तिकडे लेस्टरला टीव्हीवर अ‍ॅप उघडलंस की इथल्या कपाटावरची डिस्क फिरणार आणि चित्र तुझ्या घरात दिसणार. इंटरनेटवाल्यांनी बाहेरून आत यायचा रस्ता बंद ठेवला होता. अर्ज केला, दोन खेपा घातल्या आणि घराला इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता मिळवला. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे सगळं एकट्यानं केलंय. वहिनी म्हणते, “सर्व्हर म्हणं! कपाटावर कबूतर बसल्यागत नुसतं घुं घुं करतंय की.” करू दे. महिनाभरात एकदाही बंद पडलेलं नाही.

तुझ्या लग्नाची कॅसेटही त्यात आहे.

आई गेली तेव्हा तू तीच मागितली होतीस. तुला येता आलं नव्हतं. हळदीला आईनं जात्यावर गायलेल्या घाण्याच्या ओव्या तेवढ्या हव्या होत्या. मी म्हणालो, कॅसेटला बुरशी लागली. तू म्हणालीस, “लोकांच्या कॅसेटी जपल्यास, आपल्या आईची तेवढी नाही जपलीस.” आणि फोन ठेवलास.

बुरशी लागली नव्हती. चित्र आजही स्वच्छ आहे. आवाज मीच पुसला होता.

आमच्या धंद्याची तेव्हा रीतच होती. हळद आली की मूळ आवाज काढायचा आणि वर सिनेमाचं गाणं चढवायचं. गिऱ्हाईक खूश. तुझ्या लग्नाचं मिक्सिंग तर मी तीन दिवस बसून केलं होतं. होटगीच्या आपल्या रेल्वे क्वार्टरमध्ये सगळ्यांना बसवून लावलं तेव्हा आई म्हणाली, “युवराज, तोंड माझं हलतंय अन् गातीय दुसरीच की रं!” सगळे हसले. आईही हसली. मीही.

या वर्षी कॅसेटी भरताना आई मला चौदा लग्नांत दिसली. होटगीत कुणाचीही हळद असली की जात्यापाशी तिलाच बसवायचे. चौदा ठिकाणी तोंड हलतंय, आणि चौदाही ठिकाणी गाणं माझं.

मग ईश्वरप्पा आठवले, शेजारच्या क्वार्टरमधले. सत्त्याण्णव साली त्यांच्या अक्कम्माच्या लग्नात त्यांनी मला बजावलं होतं, “गाणी-बिनी नगं घालू. पोरीचं लगीन हाय, सिनेमा न्हाय. जसं झालं तसं दे.” मला राग आला होता. यांना कला कळत नाही, असं वाटलं. दिली तशीच.

गेल्या महिन्यात होटगीला गेलो. अक्कम्मा आता नातवंडांची आजी झालीय. तिनं ट्रंकेतून पिशवीत गुंडाळलेली कॅसेट काढली. म्हणाली, “घेऊन जा की. पर परत आण हं दादा, तुमी शूटिंगवाले लई विसरता.” ती सर्व्हरमध्ये भरून परत द्यायला गेलो तेव्हाच परीक्षा घेतली. होटगी स्टेशनच्या बाकावर बसून मोबाईलवर सर्व्हर उघडला. थोडा वेळ गोल फिरत राहिलं. मग आई गायला लागली. समोरून मालगाडी गेली, एरवी मी डबे मोजतो, त्या दिवशी मोजले नाहीत.

अकरा मिनिटं आहे. आई मध्ये खोकते, बांगड्या वाजतात, कुणीतरी कानडीत चहा मागतं, एक कुत्रं भुंकतं. सगळं ठेवलंय. काहीही कापलेलं नाही, वर काहीही चढवलेलं नाही. आई ओवीओवीत नवरीचं नाव घेते, ते मात्र अक्कम्माचं आहे. तुझं नाव घेतलेल्या ओव्या कुठंच उरल्या नाहीत. त्या मी तुला देऊ शकत नाही, आणि त्यासाठी माफी मागण्याऐवजी मी चार वर्षं बुरशीचं नाव घेत राहिलो. आता मागतो.

अ‍ॅपचं नाव आणि घराचा इंटरनेटवरचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. पासवर्ड लिहीत नाही. आईच्या माहेरचं गाव, इंग्रजी लहान अक्षरांत, आणि पुढे तुझं जन्मसाल. आत ‘घाणा’ नावाचा एकच फोल्डर तुझ्यासाठी उघडा आहे.

सोनमची हळद सहा डिसेंबरला, तुमच्याकडे सकाळी दहाला ना? त्या दिवशी मी घरातून हलणार नाही, सर्व्हरपाशीच बसेन. हॉलमध्ये आवाज मोठा ठेव. आई जिथं अक्कम्माचं नाव घेते, तिथं तू सोनमचं घे. तुला चाल येते. लहानपणी तूच तिच्या मागं म्हणायचीस.

यात काहीही न कापता,
तुझा दादा
युवराज