पाठमोरी

३ एप्रिल

पोचले एकदाची. पेट्या अजून बांधलेल्याच आहेत, वही तेवढी वरच सापडली. डोन्या एल्वेसिआच्या घरामागच्या दोन खोल्या, मधे फरशीचं अंगण आणि अंगणात संत्र्याचं झाड. इतकं लगडलंय की एका फांदीला काठीचा टेकू दिलाय. डोन्या एल्वेसिआ विधवा, सत्तरीची, अंगानं पहाडासारखी. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, संत्री खायला विचारायची गरज नाही, पण सालं अंगणात दिसली तर भाडं वाढेल.

इरुपे स्टँडवर आली होती. माझी धाकटी बहीण. इथल्याच औषधांच्या दुकानात काम करते. मिठी मारून झाल्यावर तिनं पहिल्यांदा माझे हात बघितले. अनोळखी माणसं माझं तोंड बघतात, ओळखीची हात. लिथियमच्या गोळ्यांनी ते बारा वर्षं थरथरतायत. चमच्यातलं सूप मी निम्मंच तोंडापर्यंत नेते आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्या गोळ्यांनी मला जिवंत ठेवलंय, सूप सांडलं तर सांडलं.

गेल्या हिवाळ्यात ब्वेनोस आइरेसच्या घराच्या गच्चीच्या कठड्यावर मी उभी होते, तेव्हा माझ्या तिथल्या डॉक्टर श्टेर्ननी फोनवर बोलत बोलत मला खाली उतरवलं होतं. आता त्या दवाखाना बंद करून लेकीकडे स्पेनला चालल्यात. निरोप घेताना म्हणाल्या, नवा डॉक्टर म्हणजे नवा बूट, थोडे दिवस चावणारच. लगेच काढून फेकू नका. इरुपेनं तेवढ्यात इथल्या शाळेत माझ्यासाठी गायन शिकवायची जागा शोधली. एकटं राहू द्यायचं नाही असं तिनं ठरवलंय, आणि ती ठरवते तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो.

खिडकीतून नदीचा वास येतो. बरं वाटतंय. खरंच.

९ एप्रिल

आज नव्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर सेवेरो लाकुन्सा. या पुएर्तो साउको गावात मनाचा डॉक्टर हा एकच. साठीचा माणूस, विणलेलं जाकीट, कोपरावर ठिगळ. मी बोलत होते तेवढा वेळ तो माझ्यासाठी संत्रं सोलत होता, एकेका फोडीची शीर काढत. इतक्या शांतपणे कुणी ऐकलं की माणूस नको तेवढं बोलतो. मीही बोलले.

रक्ताच्या तपासण्या पाहून म्हणाला, मूत्रपिंडं थकलीत, लिथियम हळूहळू कमी करायला हवं. हे डॉक्टर श्टेर्नही म्हणाल्याच होत्या. त्याच्या जोडीला एक बारीक पिवळी गोळी, दुपारच्या जेवणानंतर. ती तो स्वतःच देतो, चिठ्ठी लिहीत नाही.

दारापर्यंत सोडायला आला. घरच्या कुणाची चौकशी करावी तशा सुरात त्यानं विचारलं, ‘‘आणि ती? अजून आली नाही ना?’’

कोण, म्हणून मी विचारलं. काही नाही, म्हणाला, दुसऱ्याच पेशंटचं डोक्यात होतं.

१८ एप्रिल

आज सुईत दोरा ओवला. पहिल्याच प्रयत्नात! तोंडातली ती लोखंडी चव गेली, तहान कमी झाली. वर्गात मुलांना दोन आवाजांत गायला बसवलं, तर मागच्या बाकावरची मंडळी बैलासारखी हंबरली. मी पोट धरून हसले, आणि हसताना घाबरले नाही. माझं हसणं कधी वाढत जाऊन दुखणं होतं ते मला कळतं. हे तसलं नव्हतं.

डोन्या एल्वेसिआलाही लाकुन्साचीच पिवळी गोळी आहे. निम्म्या गावाला असेल, म्हणते. एक गंमत पाहिली. दुपारी सगळं गाव दारं-खिडक्या लावून आडवं होतं, रस्त्यावर कुत्रं नसतं. त्या वेळी ही बाई निजायला जाण्याआधी स्वयंपाकघरातली एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवते. मी विचारलं, तर म्हणाली, ‘‘बसायला काहीतरी नको का?’’

मी म्हटलं, म्हातारीची सवय.

२७ एप्रिल

दुपारी झोप लागेना म्हणून पाणी प्यायला उठले. अंगणात ऊन रणरणत होतं. संत्र्याखाली एक मुलगी माझ्याकडे पाठ करून उभी होती. विशीची असेल. निळसर झगा, पाय अनवाणी, केस ओले, पाठीला चिकटलेले. वाटलं, म्हाताऱ्या बाईची कोणी नात आंघोळ करून केस वाळवतेय. मी नमस्कार म्हणून ‘‘ओला’’ म्हटलं. तिनं मान वळवली नाही. मी पेला विसळून पुन्हा पाहिलं तर नव्हती. फरशी मात्र ती उभी होती तेवढीच भिजलेली.

संध्याकाळी डोन्या एल्वेसिआ दारात बसून माते, म्हणजे इथला कडू पाल्याचा चहा, नळीनं पीत होती. तिला विचारलं, पाहुणी आलीय का. तिनं तोंडातली नळी काढली.

‘‘पाठ दिसली की तोंड?’’

पाठ, म्हटलं.

‘‘मग वेळ आहे, पोरी,’’ असं म्हणून तिनं पेला माझ्या हातात दिला.

२ मे

माझं दुखणं मला नीट माहीत आहे. कधी मी आभाळात असते, कधी विहिरीत. पण नसलेली माणसं मला बारा वर्षांत एकदाही दिसलेली नाहीत. हेच मी डॉक्टरला सांगितलं. ही गोळी मला मानवत नाही, बदला.

तो दचकला नाही. त्याचा चेहरा उजळला. झगा कुठल्या रंगाचा, केस किती लांब, डावा पाय जरा ओढते का, सगळं विचारलं. विचारता विचारता त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं गोळी दुप्पट केली.

मी म्हटलं, गोळीमुळेच तर ती येतेय.

‘‘गोळी तिला आणत नाही, अम्पारोबाई. तुमचं दार तेवढं उघडं ठेवते.’’

तिथून तडक इरुपेकडे गेले. तिनं ऐकून घेतलं, मग रडायलाच लागली. म्हणाली, चार वर्षांपूर्वी त्या माणसाची एकुलती एक लेक नदीत गेली. कांदेलारिआ. देहही सापडला नाही. तो वेडा व्हायचा बाकी होता, त्यातून उभा राहिला, गावातल्या दोनशे माणसांना सावरलं. ‘‘आणि तू त्याच्यावर आळ घेतेस? ताई, गेल्या वर्षी तुला वरच्या मजल्यावरचे लोक विष घालतायत असं वाटत होतं. आठवतंय?’’

आठवतंय.

६ मे

डॉक्टर श्टेर्नना फोन लागला. त्यांनी गोळीचं नाव विचारलं. पुडीवर नावच नाही. त्यांनी गोळीचा रंग, आकार विचारून घेतला. मग म्हणाल्या, एकदम काही थांबवू नका, पण बहिणीला घेऊन उद्याच पाराना शहरातल्या मोठ्या इस्पितळात जा, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. मी फोन ठेवून जमिनीवर बसले आणि रडले. कुणीतरी मला खोटी ठरवलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. आवाज थकलेला. लाकुन्साशी बोलणं झालं, म्हणाल्या. सभ्य माणूस वाटला. तुम्ही गोळ्या टाळताय, झोपत नाही, असं कळलं. ‘‘तो देतो ते घ्या, अम्पारो. माझ्यासाठी घ्या.’’

मी एकही गोळी टाळलेली नव्हती. तेच सांगत राहिले. जितकं सांगत गेले तितका माझाच आवाज मला वेडीचा वाटायला लागला.

१० मे

एकटीच स्टँडवर गेले, पारानाचं तिकीट काढलं. गाडी फलाटाला लागायच्या आत इरुपेचा नवरा फाब्रिसिओ आला. चांगला माणूस आहे. हात धरला नाही, आवाज चढवला नाही. पिशवी उचलली आणि म्हणाला, चल घरी, इरुपेला काळजीनं घास जात नाहीये. सगळा स्टँड बघत होता. आरडाओरडा केला असता तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. मी गेले.

आता इरुपे रोज दुपारी येते. गोळी देते आणि समोर बसते.

‘‘तोंड उघड, ताई. जीभ वर कर.’’

लहानपणी तिच्या तोंडात कडू औषध मीच घालायचे. नाक दाबून.

१५ मे

डोन्या एल्वेसिआ आज बोलली. डॉक्टरचे पेशंट सगळे तिला बघतात. मासेवाला, पोस्टातली बाई, पाद्रीसुद्धा. सगळ्यांकडे ती पाठ करूनच असते. कुणाला त्रास नाही. माणसाला सवय होते, म्हणाली, उलट घरात कोणीतरी असल्यासारखं वाटतं.

मी म्हटलं, माझ्या खोलीत काल तिचा गाल दिसला.

म्हातारी उठली आणि आत जाऊन तिनं कडी लावली.

१९ मे

डॉक्टर घरी आला होता. गोळ्या आता तीन. मी हात जोडले. म्हटलं, मला पुन्हा थरथरू द्या, माझं लिथियम परत द्या, मूत्रपिंडं गेली तर जाऊ देत.

त्यानं माझे हात हातात घेतले.

‘‘ती तुमच्याकडे वळतेय. चार वर्षांत कुणाकडे वळली नाही. एकच विचारा तिला. कुठे आहे ती. मला तिला पुरायचंय, बाई. दुसरं काही नको.’’

तो खरं बोलत होता. त्याची मला दया आली, हे सगळ्यात वाईट.

२२ मे

पलंगाजवळ पाण्याचं थारोळं. इरुपेनं पुसलं. तिनं पुसलं! फडकं बादलीत पिळलं, मी बघत होते. मी म्हटलं, बघ, हे तरी माझ्या डोक्यातलं नाही ना?

छत गळतंय, म्हणाली.

महिनाभर पाऊस नाही.

२५ मे

वळली.

तोंड साधंच आहे. त्याच्यासारखं, तसंच रुंद कपाळ. घाबरलेली आहे. ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली आहे.

बोलते तेव्हा पाणी येतं, म्हणून थांबत थांबत —

आई गेल्यावर बाबांनी ही गोळी पहिल्यांदा तिला दिली. आई दिसेल म्हणून. दिसली. आधी पाठ. मग तोंड. आई चालत पुढे गेली, ती मागून. नदीपर्यंत. पुढेही.

म्हणाली, ज्याच्याकडे वळावं त्याला यावंच लागतं. म्हणून तर मी कुणाकडे वळत नव्हते. तुझ्या गोळ्या वाढल्या, मला उभं राहवेना.

कुठे आहे तेही सांगितलं. म्हणाली, ते बाबांना सांगू नकोस. ते येतील. तुला घेऊन येतील.

२६ मे

इरुपेला सगळं सांगितलं. ऐकलं तिनं. केसांवरून हात फिरवला. दमलीय, डोळे खोल गेलेत. म्हणाली, मलाही झोप नाही, डॉक्टरांनी मलाही काहीतरी दिलंय, हलकंसं.

काय दिलंय?

हलकंसं.

मी तिच्या पिशवीवर झडप घातली. फाब्रिसिओनं मला धरलं. इरुपे ओरडली नाही. नुसती बघत राहिली, जशी आमची आई बघायची.

२८ मे

चार गोळ्या. वर्गात जायचं नाही. पेन धरवतं, हात स्थिर — इतके स्थिर की माझे वाटत नाहीत.

ती कोपऱ्यात. मान हलवते. नको, नको.

डॉक्टर रोज येतो. रोज तेच एक. कुठे? मी गप्प. मग आणखी एक गोळी. ओरडत नाही. संत्रं सोलून देतो.

२९ मे

सांगितलं.

इरुपेची गोळी बंद करा, मग सांगते, म्हटलं. त्यानं वचन दिलं. नदीकाठच्या गिरणीच्या खालच्या अंगाला, वाकडं वाळुंजाचं झाड आहे तिथे, मुळांत.

तो गुडघ्यांवर बसून रडला. माझ्या हातांचे मुके घेतले. म्हणाला, जागा तुम्हीच दाखवायची.

कोपरा रिकामा आहे. गेली ती. जाताना माझ्याकडे — नाही लिहवत.

३० मे

दुपार. बाहेर त्याची मोटार उभी आहे. गाव झोपलंय. दोन ओळी लिहू द्या म्हटलं, तर हो म्हणाला. सभ्य आहे.

इरुपे बरोबर येतेय. खिडकीशी उभी आहे. गोळी बंद केली ना, विचारलं. आजचीच शेवटची, म्हणाली.

जायचं नाही म्हटलं. फाब्रिसिओ दारात आहे.

इरुपे बाहेर बघतेय. आत्ता विचारलं तिनं, अगदी सहज —

‘‘ताई, मोटारीपाशी ती कोण गं? पाठमोरी. तुझा करडा कोट घातलाय.’’

कोट माझ्या अंगावर आहे. बटणं मी आत्ता —

मी म्हटलं, इरुपे, बघू नकोस. खिडकी लाव. ती वळायच्या आत खिडकी —

‘‘ओली आहे गं पूर्ण,’’ म्हणतेय. ‘‘थांब, इकडेच —