बिनरांगेचं कांडप

३ मार्च

फुकट शिबिर, फुकट पेन, फुकट पोहे! शहाद्याला जाऊन आले. पोह्यांत तेल फार होतं, पण फुकट ते पौष्टिक.

शिकवायला योगेंद्र सर. घरातसुद्धा काळा चष्मा लावत असतील असा माणूस. सुरुवातच केली — 'छोटा व्यावसायिक झोपलाय, मी त्याला उठवायला आलोय!' माझ्या शेजारची ब्लाऊज शिवणारी खरंच झोपली होती. दचकून उठली.

जाहिरातीला पैसा लागतो हे विसरा म्हणे. सगळं मोबाईलमध्ये फुकट पडलंय — लोगो फुकट, पोस्टर फुकट, नकाशावर दुकान फुकट, मजकूर लिहून देणारा रोबो फुकट. आपण फक्त लाज सोडायची. 'लाज सोडा, पोस्ट सोडा!' हे आमच्या सगळ्यांकडून ओरडून म्हणवून घेतलं. पुढचं शिबिर मात्र फुकट नाही.

मी कशाला गेले? भावेशमुळे. परवा जेवता जेवता म्हणाला — 'आखाजीलोंग देखूत. कांडप नही चालनं तं मशीन इकानी अन् सुरत जावानं.' विचारलं नाही, सांगितलं! अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत. तिथं त्याच्या मावसभावाचा साड्यांना खडे लावायचा कारखाना आहे. इथं लोक पाकिटातला मसाला घ्यायला लागले, वर फाट्यावर ललितनं नवं कांडप टाकलं. खरं आहे सगळं. पण सुरतेच्या एका खोलीत मी काय करू? कळसाडीत लग्न होऊन आले तेव्हा 'भावेशनी बायको' होते. आता 'कांडपवाली कामिनी' आहे. गावात मला माझं नाव आहे. मला नाही जायचं. नाही म्हणजे नाही.

५ मार्च

लोगो केला. फुकटवाल्यात मिरचीच नाही! मिरची पैसे भरून. फुकटात स्ट्रॉबेरी, कलिंगड आणि गाजर. गाजर घेतलं, लाल केलं, टोक जरा वाकवलं. लांबून मिरची वाटते. वरून आडवं त्या कंपनीचं नाव छापून आलं, ते पुसायचेही पैसे.

सासूबाईंनी मोबाईल लांब धरून पाहिला. 'गाजर कसाले वं? आपन हलवा इकतस का?'

६ मार्च

रोबोला सांगितलं, मिरची कांडपाबद्दल चार ओळी लिही. त्यानं लिहिलं — 'परंपरेच्या मातीत रुजलेला, आधुनिकतेच्या पंखांवर झेपावणारा, तिखटाचा एक भावनिक प्रवास.' तशीच टाकली. भावेश म्हणतो, 'हाई कांडपनं शे का विमाननं?'

९ मार्च

रील करायचा दिवस. जागाच नाही!

आमचं कांडप म्हणजे घरालगतचा पत्र्याचा गाळा. मोटरीवर चालणारी मुसळं, खाली लोखंडी खल. बायका मिरची वाळवून, देठं काढून, मसाला भाजून आणतात आणि आपापल्या खलाशेजारी ठाण मांडून बसतात. मिरची ठेवून घरी जा म्हटलं तरी जाणार नाहीत. शेजारणीची मिरची आपल्यात आली तर? आशाकाकूच्या मसाल्यात खोबरं, दुसरीला खोबरं चालत नाही, तिसरीला तिच्या नवऱ्याला आवडतो तसाच जाळ पाहिजे. मग नाकाला पदर, शिंका, खोकले, आणि तोंडं अखंड चालू. सासूबाई गोणपाटावर मधोमध. चहा त्यांच्याकडे.

धुरळ्यातून कशीबशी रील केली, टाकली. तासाभरात आशाकाकूची जाऊ भांडायला दारात! रीलमध्ये मुसळाच्या आवाजावर आशाकाकूचा आवाज — 'मन्ही जाऊनी सून शे ना, ती माहेर गयी ती उनीच नही...' सगळ्या गावानं ऐकलं. ताबडतोब काढून टाकली. आजवर टाकलेल्यात तेवढीच एक चालली होती.

१६ मार्च

मोबाईलवर सरांचा वर्ग. 'ग्राहकाची वेदना शोधा! वेदना दूर करा! पैसा येईल!'

आमच्या गिऱ्हाइकाची वेदना मला लगेच सापडली. बसून राहणं! उन्हात, ठसक्यात, अर्धा दिवस. सरांना विचारलं तर ते उडालेच. 'रांग? आजच्या काळात रांग? ताई, रांग म्हणजे कलंक!' वेळ नोंदवायची फुकट सोय आहे म्हणे. बाईनं मोबाईलवर वेळ घ्यायची, मिरची ठेवायची, घरी जायचं. तिचीच मिरची कांडतोय याचा व्हिडिओ मी पाठवायचा. तयार झालं की मेसेज.

इतकं सोपं! इतकी वर्षं सुचलं कसं नाही?

२० मार्च

पाटी लावली — 'येथे थांबण्याची गरज नाही.' गोणपाटं गुंडाळून माळ्यावर. चहाची शेगडी आत. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ते बुकिंगचं बसवून दिलं, आशाकाकूच्यात तर तिच्या नातवाचे गेम काढून जागा केली. ती म्हणाली, 'बरं माय, तू म्हनस तं.'

सासूबाई विचारतात, 'मंग मी कथं बसू?'

म्हटलं, घरात. आराम करा.

'आराम कराले मी काय आजारी शे?'

२७ मार्च

गाळा चकाचक! उजेड छान येतो. रिकाम्या गाळ्यात मशीनचे काय सुंदर फोटो निघाले. पाटण्याच्या एका माणसानं लिहिलं, 'नाइस पिक डिअर.' त्याला मिरची कांडायची नाहीये.

सर म्हणाले, ओळखीच्यांकडून रिव्ह्यू घ्या. ओळखीचं कोण? माहेर! सगळ्यांनी पाच-पाच तारे दिले. भावानं लिहिलं, 'ताई मेहनती आहे. आई आठवण काढते, फोन कर.' मामांनी लिहिलं, 'जावईबापूंना नमस्कार. गायीचं काय झालं?' काकू तर तारे देऊन रडतानाचं चित्र टाकून गेली. आता नकाशावर कोणी 'कांडप' शोधलं की आमची गाय पहिली दिसते.

बुकिंग आज दोन. दोन्ही मीच टाकलेली, सासूबाईंच्या मोबाईलवरून. सर म्हणतात दुकान रिकामं दिसू देऊ नका.

३१ मार्च

कोणी नाही. मशीनला तेल दिलं. रील टाकली.

३ एप्रिल

आलं! ऑनलाईन गिऱ्हाईक आलं!

नवापूरहून इरफानभाई म्हणून कोणाचा फोन. 'भाभी, आपका ऑनलाईन देखा. फोटो एकदम मस्त.' मग प्रश्नांवर प्रश्न — मोटर केवढी, खल कुठले, मुसळं कधी बदलली, आवाज कसा येतो. असं खोदून विचारणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. मसाल्याचा व्यापारी असणार नाहीतर मोठा हॉटेलवाला. माल आपल्या हाती सोपवण्याआधी खात्री करतोय! तुमची मिरची किती, हे जिभेवर आलं होतं, पण सरांनी बजावलंय — 'ग्राहकाला प्रश्न विचारू नका, विश्वास द्या.' मग दिला. भरभरून दिला. मशीन कशी लेकरासारखी जपलीये, कधी धोका दिला नाही, खलाला गंज नाही, सगळं सांगितलं. चालू मशीनचा व्हिडिओही पाठवला.

भावेश दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, 'छान बोलनी तू.' लग्नाला इतकी वर्षं झाली, असं पहिल्यांदा म्हणाला! संध्याकाळी फाफडा घेऊन आला.

८ एप्रिल

आज कळलं बायका कुठं गेल्या. लिहितानाही कान गरम होतायत.

भाजी घ्यायला फाट्यावर गेले. ललितच्या कांडपावर ही गर्दी! त्याच्याकडे एकच खल, तोही कुरकुरतो. बाहेर निंबाखाली माझी सगळी गिऱ्हाइकं. आणि मधोमध गोणपाटावर कोण? माझ्या सासूबाई! शत्रूच्या कांडपावर चहा गाळतायत! घरी सांगून गेल्या होत्या — देवळात जाते.

मला वाटलं तोंड लपवतील. कुठलं! 'ये वं कामिनी, बस. चहा ले.'

बसले. रागात बसले. विचारलं, आपल्याकडे वेळेवर होतं, इथं तासन् तास लागतात, मग का? माझं काय चुकलं?

आशाकाकू बोलली. 'तुन्हाकडे मिरची ठेवानी अन् घर जावानं. घर जाईसन काय करू माय? रांधनं शे, ढोरं शेत, म्हातारा हाका मारस. आठे बसनू तं कोनी इचारत नही कथं व्हती. मिरची कांडाले गयी व्हती! बस.'

दुसरी म्हणाली, 'वरीसमा हाऊ एकच हंगाम भेटस.' बाकीच्या हसल्या. मी नाही हसले.

ज्याला मी वेदना समजून काढून टाकलं, तेवढ्यासाठीच त्या येत होत्या! मिरची निमित्त. आणि मी पाटी लावली — थांबण्याची गरज नाही! पाटी लावून हाकललं की त्यांना. कांडपवाली म्हणे! रोज त्यांच्यात बसून मला हे दिसलं नाही, आणि काळ्या चष्म्यातून सरांना दिसणार होतं?

चहा प्यायले. मग उठावंसंच वाटेना. कोणाच्या लेकीचं जमलं, कोणाचं फिस्कटलं, सगळं ऐकत बसले. भाजी राहिली. घरी भावेशनं विचारलं, कुठं होतीस एवढा वेळ? तोंडातून आपोआप निघालं, 'मिरची कांडायला.'

९ एप्रिल

पाटी काढून चुलीत घातली. गोणपाटं झटकून अंथरली. शेगडी बाहेर. सासूबाई मधोमध, राणीसारख्या. बुकिंगचं खातं बंद करायला गेले तर म्हणे ती सोय फुकटवाल्यात नाही!

सरांना कळवलं. उत्तर आलं, 'हार मानणारे ब्रँड बनत नाहीत. पुढच्या शिबिरात तुम्हाला खास सूट.'

घरोघर जाऊन सांगून आले. प्रत्येकीला एकच वाक्य — बसायला या.

१६ एप्रिल

आल्या! आधी आशाकाकू आली, कोपरा बघून बसली. दुपारपर्यंत गाळ्यात पाय ठेवायला जागा नाही. शिंकून शिंकून सगळ्यांचे डोळे लाल. मी मुद्दाम एक खल बंद ठेवला, कोणालाच घाई नव्हती. आशाकाकूच्या जावेची सूनही परत आलीये, तीसुद्धा येऊन बसली आणि कोणाबद्दल बोलायचं ते कोणाला सुचेना!

इतकं बरं वाटलं की आत जाऊन थोडी रडले. ठसक्याचं रडणं आहे असं सांगता येतं, हा या धंद्याचा फायदा.

भावेश दारात आला, गर्दी पाहिली, तसाच मागे फिरला. मला वाटलं खूश होईल.

२३ एप्रिल

इरफानभाईंचा फोन. रविवारी येतो, टेम्पो घेऊनच येतो म्हणाले. टेम्पो भरून मिरची! बायकांना सांगितलं, रविवारी थोडं सरकून बसावं लागेल.

२७ एप्रिल

टेम्पो रिकामा आला.

इरफानभाई आणि त्यांची बायको यास्मीन. चांगली माणसं. मी विचारलं, माल कुठाय? ते म्हणाले, 'माल तो इधर है ना, भाभी.' आणि मशीनला हात लावून उभे राहिले.

भावेशनं मार्चमध्येच विकायची जाहिरात टाकली होती. जुन्या वस्तू विकायच्या फुकट साईटवर. मीच त्याला पोस्ट टाकायला शिकवलं होतं! फोटो माझे. रिकाम्या गाळ्यातले, छान उजेडातले. खाली माझाच नंबर, कारण त्याचा सारखा बंद असतो.

मी ओरडले. सगळ्या बायकांसमोर ओरडले. आखाजीपर्यंत बघू म्हणाला होतास! तो खालमानेनं म्हणाला, 'नुसता भाव देखाले टाकी व्हती. पन तूच तं बोलनी त्यासनासंगे... इतकी खुशीमा. माले वाटनं तू तयार व्हयनी.' त्या दिवशीचा फाफडा त्या खुशीचा होता! गर्दी पाहिल्यावर तरी बोलायचं होतंस, म्हटलं. म्हणाला, तोपर्यंत मशीनचा इसार घेऊन सुरतेला मावसभावाच्या कारखान्यात भरला. मशीन त्याच्या नावावर. दिला शब्द आता फिरवता येत नाही म्हणे. मला दिलेला फिरवता येतो!

यास्मीन बिचारी माझा हात धरून म्हणाली, 'भाभी, आपने इतने प्यार से समझाया, हमने दूसरी मशीन देखी ही नहीं.'

म्हणजे विकली मीच. दोन महिने जीव काढून जाहिरात केली, एक गिऱ्हाईक मिळालं, ते मशीनच घेऊन गेलं. बायका उठल्या, अर्धी कांडलेली मिरची बांधली, गेल्या. खल उचलले तेव्हा जमिनीवर गोल डाग राहिले. सासूबाईंनी त्यावरून ओलं फडकं फिरवलं. गेले नाहीत.

३० एप्रिल, आखाजी

सकाळी गाळ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. आशाकाकू आली. तिच्यामागे सगळ्याच. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीसुद्धा. मी म्हटलं, मशीन गेली, तुम्ही पाहिलंत ना? आशाकाकू म्हणाली, 'माहीत शे,' आणि गोणपाट ओढून बसली. एकीच्याही हातात मिरची नव्हती.

चहा ठेवला. उद्याच्या सुरत गाडीसाठी बॅग भरली. भावेशची. एकट्याची.