टिटवीभोवती रिंगण

मुलुंड
ता. २४ मे १९८४

सौ. सुगंधास काशीरामचे आशीर्वाद.

मी बरा आहे. डाळ रोज करपते, पण खातो. तुझं दुसरं पत्रही पोचलं. प्रेमाला घेऊन येऊ का म्हणून पुन्हा विचारलंस. त्याकडे येतो, आधी इकडची गंमत ऐक.

आपल्या गोल्फच्या मैदानात, सातव्या होलच्या वाटेवरच टिटवीने चार अंडी घातली. घरटं कसलं, चार खडे आणि मध्ये खळगा. तू म्हणशील, अवलक्षणी मेली, हाकला तिला. मीही हाकलायलाच गेलो होतो गो! पण अशी अंगावर आली, की टोपी टाकून पळालो. खंडू माळी पोट धरधरून हसला.

पण स्पर्धा तोंडावर आलेली. तिथलं गवत मशीनने कापलं की अंड्यांची वाट लागणार, आणि मशीन चालवणार मीच. माझा काही हात होईना. मग सुचलं. मैदानाचा एखादा तुकडा दुरुस्तीला काढला, की आम्ही त्याभोवती चुन्याची रेघ मारतो. आत चेंडू गेला तर खेळणाऱ्याने बाहेर घ्यायचा, दंड नाही. मशीनही आत जात नाही. मी घरट्याभोवती हे एवढं रिंगण मारलं. झकास!

मग एका सकाळी सेक्रेटरी नंदकिशोर साहेब आले. "काशीराम, इथे कसली दुरुस्ती?"

"उंदरांनी बिळं केलीत, साहेब."

तेवढ्यात टिटवी किंचाळत त्यांच्या कानाजवळून गेली. साहेब मटकन खाली बसले, आणि समोरच अंडी. मला वाटलं, गेली नोकरी, गेली खोली.

साहेब म्हणाले, "ही दुरुस्ती कधी संपणार?"

"पिल्लं चालायला लागली की."

"मग रेघ नीट मार. पुसट झालीय."

स्पर्धेत एकाचा चेंडू रिंगणात गेला. तो आणायला कोणी आत गेलं नाही.

काल पिल्लं निघाली. अंग सुकलं न सुकलं, तर तुरुतुरु चालायलाच लागली! आज बघतो तर खळगा रिकामा. सगळी नाल्याकडे. आणि ती बया त्यांच्यावर घिरट्या घालत कुत्र्यांच्या अंगावर धावतेय. मी मशीन बंद करून बघत राहिलो. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आता तुझं. वनमाला गेली, तिची प्रेमा तुला, मावशीला, चिकटली. मी गप्प राहिलो, तर तुला वाटलं असेल, ह्याला मेव्हणीचं पोर नको. तसं नाही गो. धाकू आज म्हणतो, न्या मुलीला. उद्या दुसरं लग्न करील आणि परत मागेल. बापच तो, त्याला नाही कोण म्हणणार? तोवर आपल्याला लळा लागलेला. आपल्या घरात पाळणा हलला नाही, ते तू सोसलंस. पण लळा लागल्यावर पोर परत देणं मलाच सोसणार नाही, म्हणून उत्तर टाळलं.

घेऊन ये तिला. धाकूकडून काही लिहून घेऊ नकोस. मागितली तर देऊ, आणि दोघं बसून रडू. तोवर ती आपली. मला काय हाक मारायची, ते तिचं तिला ठरवू दे.

तुम्हा दोघींचा,
काशीराम