नूरचं कपाळ

सोमवार, धानाचा रोवणा संपला

मिरची तोडाले मी तेलंगणात गेली होती, तिथून नूरले घरी आणलं. रोहिंग्या मुसलमान आहे ते. तिच्या वस्तीतली माणसं पोलीस उचलून नेत होते. इथी सगळ्यांले तेलंगणातली लक्ष्मी म्हणून सांगितलं.

आज बांधावर बायांले कुंकू लावलं. पोलीस पाटलाची बायको नूरले लावाले पुढं आली, आन् नूरनं कपाळ मागं घेतलं. मी घाबरून बोलून गेली, "नोको लावू बाई, तिचा नवरा मेला."

पाटलीणबाई त्या कपाळाकडं पाहतच राह्यली. मानलं का तिनं? उद्या पाटील आधार कार्ड मागाले आला तं?

नवऱ्याचं मी नूरले कधी विचारलंच नव्हतं. घरी आल्यावर तिनंच हळूच विचारलं, "दीदी, मेरे आदमी का तुमको किसने बताया?"